स्वकष्टार्जित : एका स्मरणिकेच्या निमित्तानं

एक स्मरणिका हाती आली. चाळीस पानं, गुळगुळीत कागद, कव्हरावर माहुलीचा किल्ला. शहापुरात एका गुणगौरव समारंभात वाटली होती. आपला एक दोस्त तिथं मांडववाल्याच्या हाताखाली खुर्च्या लावायला होता, त्यानं दोन प्रती उचलल्या. एक माझ्याकडं टाकली आणि म्हणाला, पान अकरा वाच, मग पान चौतीस वाच, मग मला फोन कर.

पान अकरावर एका निवृत्त साहेबांचं आत्मकथन आहे. नाव देत नाही. भांडण नावाशी नाही, आणि असे साहेब शहापुरात आहेत, मुरबाडात आहेत, कल्याण-डोंबिवलीत तर पोत्यानं आहेत. लेखाचा शेवट असा, की मी आयुष्यात कुणाच्या कुबड्या घेतल्या नाहीत, जे काही आहे ते स्वकष्टार्जित आहे, आणि आजच्या पिढीनं सवलतींच्या मागं न लागता गुणवत्तेची कास धरावी.

वाचलं आणि डोकं सटकलं. असं झालं की आपण काय करतो ते तुम्हांला माहीत आहे. आपण कविता लिहितो. मीही लिहिली, रात्रपाळीला, रिंगफ्रेमपाशी उभ्या उभ्या. सकाळी पाळी सुटल्यावर वाचली, तर तिच्यात मनू होता, पेशवा होता, गळ्यातलं मडकं होतं, कमरेचा झाडू होता, आणि पान अकरावरच्या माणसानं नेमकं काय लिहिलंय ते एका ओळीतही नव्हतं. फाडून टाकली. हा लेख तिच्या जागी आहे.

मी समीक्षक नाही. दहावीनंतर शाळा सुटली. पुढं जे वाचलं ते विहारातल्या कपाटातून आणि वाचनालयातून. पण समीक्षा म्हंजे दुसऱ्याचं लिहिलेलं नीट वाचणं असेल, तर ती कुणालाही जमावी. सूत तुटलं की आधी कुठं तुटलं ते बघावं लागतं, मग सांधता येतं. नुसतं मशीनला शिव्या घालून काही होत नाही. तेही आम्ही करतोच म्हणा.

तर पान अकरा. वडील भिक्षुकी करायचे. थोडी जमीन होती, ती कुळकायद्यात गेली. घरात खाणारी तोंडं आठ. हे सगळं खरं असणार. गरिबी खोटी आहे असं मी म्हणत नाही, फाटकी चड्डी सगळ्या जातींत सापडते. पुढं साहेब लिहितात, ‘सातवीनंतर कल्याणला मावशीकडे राहून शिकलो.’ ‘शास्त्रीबुवांकडे विनामूल्य संस्कृत शिकून चांगले गुण मिळवले.’ ‘एका परिचितांच्या ओळखीने कचेरीत चिकटलो.’ ‘साहेब आमच्याच आळीतले निघाल्याने नोकरी सांभाळून पदवी घेतली.’

ह्या चार वाक्यांचं व्याकरण बघा. एमपीएससी करणारी आपली पोरं मो. रा. वाळंब्यांचं पुस्तक तोंडपाठ करतात, त्यांना लगेच कळेल. शिकलो, मिळवले, चिकटलो, घेतली. करणारा एकच, मी. आणि मावशी? ती ‘मावशीकडे राहून’ मध्ये. तिला शब्दयोगी अव्यय लागलंय आणि तिच्या मागं धातुसाधित. शास्त्रीबुवांचं तेच, परिचितांचं तेच. आळीतला साहेब ‘निघाल्याने’, म्हंजे जसा पाऊस निघतो, उन्हाळा निघतो. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःची चार पोरं असताना बहिणीच्या पोराला पाच वर्षं जेवू घालणारी बाई सबंध लेखात एकाही वाक्याची कर्ता नाही. स्वकष्ट म्हणायचे तर तिचे म्हणा की!

ह्याला मी लबाडी म्हणणार नाही. लबाड माणसानं मावशी लपवली असती. साहेबांनी ती लिहिली आहे, फक्त हिशोबात धरली नाही. मावशी काय, सगळ्यांनाच असते, असं त्यांना वाटत असणार. आणि असतेच. माझ्या आज्यालासुद्धा मावशी होती. पण तिच्या ओळखीत कचेरीतला माणूस नव्हता, तिच्या शेजारी शास्त्रीबुवा राहत नव्हते, आणि असते तरी त्यांनी तिच्या भाच्याला ओसरीच्या खाली उभं करून संस्कृत शिकवलं असतं का, हा प्रश्न इथं कुणाला पडत असेल तर त्यानं हा अंक खाली ठेवावा.

आता पान चौतीस. तिथं गुणवंतांच्या याद्या आहेत. दोन याद्या. पान तेहेतीसवर नुसतं ‘गुणवंत विद्यार्थी’, पान चौतीसवर ‘मागासवर्गीय गुणवंत विद्यार्थी’. पहिल्या यादीतला शेवटचा मुलगा ७८ टक्क्यांचा. दुसऱ्या यादीतली पहिली मुलगी ८६ टक्क्यांची. ती मुलगी आपल्या विहारात अभ्यासिकेला बसते. तिच्या घरात दिवा आहे पण खोली एकच आहे. जातीवर काही देऊ नका, गुणवत्तेवर द्या, असं पान अकरावर छापणाऱ्यांनी पान चौतीसवर मार्क बघायच्या आधी जात बघितली. आणि त्यांना ते दिसलंसुद्धा नाही. प्रूफ तपासणारा कुणीतरी असणारच, ऱ्हस्व-दीर्घ सगळे बरोबर आहेत.

दोस्ताला फोन केला. तो म्हणाला, ती पोरगी बक्षीस घ्यायला स्टेजवर गेली तेव्हा मीच खाली खुर्च्या गोळा करत होतो. एवढंच बोलला.

‘स्वकष्टार्जित’ हा शब्द मुळात कोर्टातला, मिळकतीचा. वडिलोपार्जित मिळकत निराळी, स्वकष्टार्जित निराळी. वडिलोपार्जितात भावांचा हिस्सा लागतो, स्वकष्टार्जितात लागत नाही. शब्द असा धंद्याचा आहे. एखादी गोष्ट स्वकष्टार्जित म्हटली की वाटेकरी संपले. शिक्षण, नोकरी, भाषा, आत्मविश्वास ह्या गोष्टी वडिलोपार्जित असू शकतात हे कबूल केलं तर मग हिस्सा मागणारे दारात येतात. पान अकराचा लेख हा एक दावा आहे, आणि तो तसाच वाचला पाहिजे.

जुनी मराठी आत्मचरित्रं मी वाचनालयातून आणून वाचली. त्यांत एक शब्द सारखा येतो. ‘वार.’ गरीब ब्राह्मण मुलगा शिकायला पुण्याला जायचा, सात घरी सात वार लावायचा. सोमवारी ह्यांच्याकडं, मंगळवारी त्यांच्याकडं. कुणी माधुकरी मागून शिकायचा. अपमान व्हायचा, पातळ आमटी मिळायची, घरची बाई वाकडं बोलायची. हे सोसून मुलं शिकली, मोठी झाली, त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण वार लावायला काय लागायचं? गुणपत्रिका? वार लागायचा जातीवर. पंगतीत बसायचा हक्क जन्मानं मिळायचा. हुशार महाराच्या पोराला सदाशिव पेठेत कुणी वार दिला असता असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ही आरक्षित जागा होती, ताटातली. तिला कुणी कुबडी म्हणालं नाही. संस्कार म्हणाले, परंपरा म्हणाले.

आणि नुसतं घरगुती नव्हतं. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, सरकारी खजिन्यातून. पेशवाई बुडाली तरी दक्षिणा बुडाली नाही. कंपनी सरकारनं १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, ती सुरुवातीला ब्राह्मणांपुरती. पुढं त्याच दक्षिणेच्या फंडातून बक्षिसं निघाली, कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले गेले. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा कोल्हापूर दरबाराच्या कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागा एका जातीकडं होत्या. २६ जुलै १९०२ ला त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांना द्यायचा हुकूम काढला. त्या दिवशी आरक्षण सुरू झालं असं आपणसुद्धा दरवर्षी भाषणात म्हणतो. म्हणू नये. त्या दिवशी आरक्षण निम्म्यावर आणायचा हुकूम निघाला. आधीच्याला फक्त गॅझेट लागलं नव्हतं.

मला दोन रस्ते शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. दोन्ही सातारकडचे. धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ चं. मुरुडचा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला पायी चालत गेला, डोंगर ओलांडून, दिवसच्या दिवस, आणि तिथं वय लहान दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. मोठा माणूस, पुढं आयुष्यभर विधवांसाठी झिजला, त्याच्याबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. दुसरा रस्ता १९०१ सालचा. बाबासाहेबांनी तो इंग्रजीत लिहून ठेवला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली छापला, सरकारी खंडांत बाराव्या खंडात आहे. नऊ-दहा वर्षांचा भीवा, भाऊ आणि भाचे, मसूर स्टेशनावर उतरले, वडिलांकडं कोरेगावला जायला. अंगावर चांगले कपडे होते. खिशात पैसे होते. म्हंजे त्या दिवशी ही मुलं गरीब नव्हती, हे लक्षात घ्या. स्टेशनमास्तरानं जात विचारली, मुलांनी सांगितली, मास्तर मागं सरला. गाडीवाला यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार. डब्यात जेवण होतं. पाणी मिळेना म्हणून जेवता आलं नाही. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असं सांगून बघितलं, तरी पाणी नाही. रात्र उपाशी काढली.

कर्व्यांकडं पैसा नव्हता, पाय होते. भीवाकडं पैसा होता, गाडी होती, जेवण होतं. तरी दोघांपैकी वाटेत पाणी मागायला जात लपवायची पाळी एकावरच आली. कर्व्यांच्या पुस्तकात पाण्याचा प्रश्न नाही, कारण तो त्यांना पडलाच नाही. ज्याचा प्रश्न पडत नाही ते लेखनात येत नाही. पान अकराच्या साहेबांच्या लेखात जे आलेलं नाही ते असं आलेलं नाही. कुणी त्यांना स्टेशनावर थांबवून विचारलं नाही, ह्याची नोंद माणूस कशी करणार?

गरिबी आणि जात ह्यांची अशी गल्लत मुद्दाम करणारेही आहेत, ते वेगळे. २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली, आर्थिक दुर्बलांना १० टक्के. गरिबाला मिळावं, माझी ना नाही. पण त्यात आपला गरीब धरलेला नाही, आदिवासी धरलेला नाही, ओबीसी धरलेला नाही. ७ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केलं. त्या १० टक्क्यांच्या वेळी गुणवत्ता कुठं गेली होती? तिच्या नावानं मोर्चा निघाल्याचं मी काही ऐकलं नाही. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, डोनेशनच्या गाद्या मांडल्या, चार वर्षांत सरकारला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा नोटांच्या पुडक्याला कुणी कुबडी म्हणालं नाही. अमेरिकेतही तेच आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०२३ साली कॉलेजप्रवेशात काळ्यांचा वंश बघायला बंदी केली. बाप त्याच कॉलेजात शिकला म्हणून पोराला झुकतं माप द्यायच्या चालीला त्या निकालानं हात लावला नाही.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण हे फक्त शास्त्रीबुवांच्या आळीत चालतं असं समजून आपण फार लवकर सुटतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार बरा असायचा. तिथं अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागे. महाराचा उष्टा धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून आपला माणूस रिंग खात्यात, कमी पगारात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर मांडला, ह्याचा निकाल लावा म्हणाले. त्या वेळच्या विणकराला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, साचा मी शिकलो, हे माझ्या हाताचं कसब आहे. कसब होतंच. पण साच्यापर्यंतचा दरवाजा त्याच्या कसबानं उघडलेला नव्हता. तोही चाळीतल्या खोलीत दहा माणसांत झोपत होता, तोही सावकाराला भ्यायचा, तोही संपात उपाशी मरायचा. तरी महिन्याला चार रुपये जास्त त्याच्या हातात पडत ते थुंकीच्या जोरावर. फुकटातलं मोठेपण वाड्यातच असतं असं नाही, खोलीतही असतं.

माझा पणजा मुरबाडकडून पायी कल्याणला आणि तिथून मुंबईला गेला, रिंग खात्यात लागला. आजा लागला तोवर धोट्याचं कारण कुणी उघड सांगत नव्हतं, पण ओळख निघाली ती रिंग खात्यातल्या माणसाची, म्हणून तोही रिंगमध्येच. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, तो गावी आला. मी एमआयडीसीत ठेकेदाराकडं आहे. कुठल्या खात्यात ते सांगायला नको. ही आमच्या घरची वडिलोपार्जित इस्टेट. खाजगी गिरणीत आरक्षण नाही, तेव्हा ‘मी कुबड्या घेतल्या नाहीत’ हे वाक्य मीही लिहू शकतो. लिहीत नाही, कारण ते खोटं होईल. ते कसं, त्याच्याकडं येतो.

त्याआधी पाण्याचं. शहापूर तालुक्याच्या तोंडावर बसून हे लिहिताना ते टाळता येत नाही. तानसा १८९२ सालचं, मोडकसागर १९५७ चं, नंतर भातसा. मुंबई जे पिते त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसातलं. मुंबईतला माणूस सकाळी नळ सोडतो, पाणी येतं, तो दाढी करतो. त्यानं चोरी केलेली नाही, तो बिल भरतो, त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. इकडं कसारा-डोळखांबकडच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया टँकरची वाट बघत हंडे लावतात. धरण दिसतं तिथून. उद्या त्या बाया म्हणाल्या की मोठ्या पायपाला एक छोटा पायप आम्हांला जोडून द्या, तर त्याला ‘योजना’ म्हणतील, ‘लाभार्थी’ म्हणतील, पेपरात फोटो येईल मंत्र्याचा. मुंबईतल्या नळाला लाभ म्हणायची कुणाला पद्धत नाही. तो नळ आहे.

आता आपल्या घरात येऊ. इथं लोक रागावतील.

आपली आत्मकथनं पान अकरापेक्षा वेगळी का आहेत? दुःख जास्त म्हणून नव्हे. ऋण नीट लिहिलंय म्हणून. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, शंकरराव खरातांचं ‘तराळ अंतराळ’ १९८१ चं, बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ चं. ह्या पुस्तकांत माणसं वाक्याचे कर्ते होऊन येतात. उर्मिला पवारांनी तर आईच्या हातातलं काम उचलून पुस्तकाच्या नावालाच लावलं, ‘आयदान’. साहेबांची मावशी अर्ध्या वाक्यात गेली, इथं आई कव्हरावर आली. वाङ्मयाची समीक्षा करणाऱ्या प्राध्यापकांनी वेदना, विद्रोह, बोलीभाषा सगळं मोजलं, हा हिशोब त्यांनी केला नाही असं मला वाटतं. बाबासाहेबांनी सयाजीरावांची स्कॉलरशिप घेतली, घेतली म्हणून सांगितली. १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती आपल्या मुलांना मिळू लागली, ती घेऊन शिकलेल्या पिढीनं ती लपवली नाही.

पण हल्ली आपल्याकडंही पान अकरा लिहायला लागलेत. जयंतीच्या स्मरणिका काढून बघा. ‘मी ओपनमधून आलो’ हे वाक्य मोजा. आपला साहेब, आपला डॉक्टर, छाती काढून सांगतो, मी ओपनमधून आलो. आला, आनंद आहे. पण ते सांगताना तो कुणापासून लांब उभा राहतोय? ज्या काट्यावर आपल्या आज्याला तोलून हलका ठरवला तोच काटा हा खिशातून काढून दाखवतो. आणि ज्या कविता आपण छापतो, माझ्या धरून, त्यांत आरक्षण म्हंजे एक तर भीक नाही हक्क आहे अशी आरोळी, नाही तर हजारो वर्षांचं व्याज. आरोळीला माझी हरकत नाही. पण आरक्षणाच्या जागेवर बसलेला माणूस सकाळी ऑफिसात शिरतो तेव्हा शिपाई त्याच्याकडं कसा बघतो, फाइल कुणाच्या टेबलावर अडते, चहाला कोण बोलावत नाही, ह्याच्यावर कविता कुठं आहे? मी दोन वर्षांत एक वाचली नाही.

तर मी काय फुकट मिळवलं? एकदा पाळीवर बसून मोजलं. पणजा मुंबईला गेला, म्हणून आजा महापालिकेच्या शाळेत चार यत्ता शिकला. आजा वाचायचा, म्हणून घरात छापील कागद होता. वस्तीत विहार होता, विहारात कपाट होतं, कपाटात सरकारनं १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड होते, स्वस्तात मिळालेले. सभा होत्या, गाणी होती, शाहिरांच्या पार्ट्या होत्या. बाबासाहेबांचा फोटो होता, ज्याच्याकडं बघून मार खाल्लेला पोरगा सरळ उभा राहतो. ह्यातलं मी काय कमावलं? एकसुद्धा नाही. मी जन्मलो आणि ते तिथं होतं.

आणि कागद होता. जातीच्या दाखल्याला आपल्यासाठी तारीख लागते १० ऑगस्ट १९५०. त्याच्या आधीचा वास्तव्याचा, जातीचा पुरावा आणा. आज्याच्या शाळेचा उतारा त्या आधीचा निघाला, म्हणून बहिणीचा दाखला झाला. त्या दाखल्याची कथा तरी कुठं सरळ आहे. १९५६ ला आपण बौद्ध झालो. राज्यात १९६० नंतर सवलत मिळाली, पण केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं ते १९९० साली. चौतीस वर्षं कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध आणि कागदावर हिंदू महार. तरी कागद होता.

आमच्या गिरणीच्या मागं वीटभट्ट्या आहेत. तिथं कातकरी येतात, दिवाळीनंतर, पावसाळ्यापर्यंत. त्यातला एक मुलगा भट्टीवरून रोज चालत जाऊन शिकला, दहावी झाला. त्याला दाखला पाहिजे. आदिवासींना तारीख लागते ६ सप्टेंबर १९५०. त्याचा बाप शाळेत गेलेला नाही. आजा गेलेला नाही. आज्याच्या नावानं सातबारा नाही, घरठाण नाही, भट्टी दरवर्षी वेगळी. शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात, मुरबाडची काही गावं त्यात, शहापूरची आमदारकी आदिवासींसाठी राखीव, आणि ज्या जमातीला सरकार स्वतः आदिम म्हणतं तिच्या पोराकडं आपण कातकरी आहोत हे सांगणारा कागद नाही. पडताळणीचा जाच उगाच आला असंही नाही. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या मेडिकलच्या जागा जाऊ लागल्या, म्हणून १९९४ साली ठाण्याच्या आदिवासी विकास अपर आयुक्तांसमोरच्याच एका प्रकरणातून सुप्रीम कोर्टानं पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. खोट्याला अडवायला जाळं टाकलं, त्यात हा अडकला. खोट्याकडं कागद असतात.

हे मी आपल्या एका बैठकीत मांडलं, मुरबाडात. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला, त्याच्यावर ती बैठक होती. निकालाविरुद्ध बोलणारे बोलले, त्यांची कारणं हलकी नाहीत. जागाच भरत नाहीत, त्या आधी भरा, मग वाटण्या करा, हे मलाही पटतं. आपल्यांत फूट पाडायला हे वापरतील, हेही खरं. पण एक जण उठला, चांगला कार्यकर्ता, माझ्यापेक्षा दहा केसेस जास्त अंगावर असलेला, आणि म्हणाला, “मांगांनी शिकावं, कातकऱ्यांनी शिकावं, कुणी धरलंय? आम्ही नाही का शिकलो?” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळी वाजवली नाही, पण उठून काही बोललोही नाही. दादा मोठे आहेत, त्यांनी मला पहिली सभा दाखवली, बाहेरचे लोक बसलेले होते, अशी कारणं मी घरी जाताना एसटीत काढत बसलो. घरी आलो तर स्मरणिका तिथंच पडलेली, पान अकरा वर. ‘आम्ही नाही का शिकलो’ हे वाक्य मी व्याकरणानं तपासलं. करणारा, आम्ही. पणजा नाही, मुंबई नाही, विहार नाही, कपाट नाही, १९५० च्या आधीचा उतारा नाही. धातुसाधितातसुद्धा नाहीत. साहेबांनी निदान मावशी अर्ध्या वाक्यात लिहिली होती.

दादा, हा अंक तुमच्या हातात पडेल. तोंडावर बोलायला पाहिजे होतं ते कागदावर लिहितोय, त्याचा राग धरा, पण वाक्य परत एकदा वाचून बघा.

त्या पोराच्या कामाचं असं आहे. त्याच्या आज्याचा एक चुलत भाऊ टोकावड्याकडच्या एका शाळेत एक वर्ष गेला होता असं म्हातारी सांगते. नाव कुठलं लावलं, साल कुठलं, तिला आठवत नाही. शाळेचं जुनं रजिस्टर बघावं लागेल, पान न् पान. हेडमास्तर म्हणाले, सोमवारी सकाळी या, अकराच्या आत. माझी त्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, तीनला गेटवर पोचलो नाही तर ठेकेदार खाडा लावतो. पहिल्या एसटीनं जमत नाही. कुणाकडं सोमवारी मोटारसायकल मोकळी असेल तर विहारात निरोप ठेवा. पेट्रोलचे पैसे मी देईन.